दुब्रोव्हनिक ते सारायेव्हो : सीमेपलीकडे गाडीने

दुब्रोव्हनिकला रेल्वे नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत, १९०१ साली, तेथील ग्रूझ बंदरापर्यंत आलेला नॅरोगेज लोहमार्ग १९७६ साली बंद झाला, आणि तेव्हापासून क्रोएशियाच्या या दक्षिण टोकावरून बोस्नियातील सारायेव्होला जमिनीवरून जायचे तर रस्त्यावाचून पर्याय उरलेला नाही. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे पुण्याहून कोल्हापूरला जाण्याहून थोडेसेच अधिक. परंतु तेवढ्या अंतरात शेंगेन प्रदेशाची (म्हणजे एकाच व्हिसावर ज्यांत फिरता येते त्या युरोपीय देशांच्या गटाची) बाह्य सीमा येते, चलन बदलते, मोबाइलचा पॅक चालेनासा होतो आणि एड्रियाटिक समुद्राचा किनारा मागे टाकून रस्ता बाल्कनच्या डोंगरांत शिरतो. २०२५ च्या सप्टेंबरच्या उत्तरार्धात आई, बाबा, पत्नी आणि मी असे चौघे या मार्गाने गेलो. अशा प्रवासासाठी गाडी ठरवताना नेमके काय ठरवावे लागते, याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे वर्णन तपशिलाने लिहितो आहे.

निघण्यापूर्वी

ग्रूझच्या बसस्थानकावरून सारायेव्होकडे थेट बस जाते. पाठीवर एक पिशवी घेऊन फिरणाऱ्या तरुणाने तिनेच जावे, असे माझे मत आहे. मात्र सीमेवर गाडीतील प्रत्येकाचा पासपोर्ट तपासून होईपर्यंत बस हलत नाही आणि वाटेत आपल्याला पाहायचे असेल तिथे ती अर्थातच थांबत नाही. स्वतः चालवण्यासाठी गाडी भाड्याने घ्यावी, तर सीमा ओलांडण्याची लेखी परवानगी व तिचे वेगळे शुल्क द्यावे लागते, शिवाय एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडण्याचा आकार इतका असतो की भाड्यापेक्षा तोच जड वाटावा. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत आणि तिला दर तासाभराने उतरून चार पावले चालावे लागते. त्यामुळे चालकासह खासगी गाडी, ज्याला तिकडे सगळेच ‘प्रायव्हेट ट्रान्सफर’ म्हणतात, तीच आम्ही पसंत केली.

या गाड्यांचा दर माणशी नसतो, तो संपूर्ण गाडीचा असतो. त्यामुळे दोघांना महाग पडणारी गोष्ट चौघा-पाचजणांना परवडू शकते. तरीही नुसता दर पाहून गाडी ठरवू नये. आम्ही तीन-चार कंपन्यांना ई-मेलने तेच ते प्रश्न पाठवले होते : गाडी कोणत्या नाक्यावरून सीमा ओलांडणार, गाडीचा विमा बोस्नियात चालतो का आणि त्याचे ग्रीन कार्ड, म्हणजे विमा परदेशातही चालतो याचा दाखला, गाडीत असते का, सीमेवर रांग लागल्यास प्रतीक्षेचे वेगळे पैसे आकारणार का, वाटेतले थांबे दरात धरले आहेत का, आणि धरले असतील तर किती वेळाचे, दोन मोठ्या बॅगा आणि दोन लहान बॅगा चार प्रवाशांसह मावतील अशी गाडी कोणती, आणि शेवटी, उरलेले पैसे चालकाला युरोत रोख द्यायचे की कार्डाने. एका ठिकाणाहून ‘सीमेची काळजी करू नका’ एवढेच उत्तर आले. आम्ही त्यांच्याशी पुढे बोललो नाही, कारण काळजी नेमकी सीमेचीच होती. ज्यांनी प्रत्येक प्रश्नाला एकेक ओळीचे का होईना, पण स्पष्ट उत्तर दिले आणि प्रवाशांची नावे पासपोर्टप्रमाणे मागवून घेतली, त्यांच्याकडे थोडी आगाऊ रक्कम भरून गाडी नक्की केली.

नाक्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा का, ते नकाशा पाहिल्यावाचून कळत नाही. दुब्रोव्हनिकचा परिसर उर्वरित क्रोएशियाला जमिनीने जोडलेला नाही. मधे नेउम नावाचे गाव आणि त्याच्या भोवतीची सुमारे वीस किलोमीटरची किनारपट्टी बोस्नियाची आहे. याचे मूळ १६९९ च्या कार्लोव्हित्झच्या तहात आहे. तेव्हा दुब्रोव्हनिक हे स्वतंत्र प्रजासत्ताक होते आणि शेजारच्या व्हेनिसची त्याला ओटोमन तुर्कांहून अधिक धास्ती वाटत असे. व्हेनिसच्या मुलखाशी आपली हद्द थेट भिडू नये म्हणून त्याने ही पट्टी तुर्कांच्या ताब्यात जाऊ दिली. ते साम्राज्य गेले, व्हेनिस गेले, दुब्रोव्हनिकचे प्रजासत्ताकही १८०८ साली नेपोलियनच्या सैन्याने संपवले, परंतु ती रेषा नकाशावर राहिली आणि आज तिथे पासपोर्ट दाखवावा लागतो. किनाऱ्याच्या जुन्या रस्त्याने गेल्यास नेउमपाशी बोस्नियात शिरून पुन्हा क्रोएशियात यावे लागते आणि मग मेत्कोविचपाशी दुसऱ्यांदा बोस्नियात जावे लागते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे नेउमचा हा छोटासा वळसादेखील शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येणे ठरतो, आणि ज्याच्या व्हिसावर एकच प्रवेश लिहिला आहे त्याला तो वळसा घेता येत नाही. दुसरी वाट पेल्येशात्स पुलावरून, नेउम टाळून मेत्कोविचला जाते; आम्ही तीच घेतली. तिसरी वाट ब्रगात-इवानित्सा नाक्यावरून त्रेबिन्ये आणि पुढे सुत्येस्काच्या डोंगरांतून सारायेव्होला जाते. ती अंतराने कमी, पण वळणावळणांची आहे आणि आम्हाला पाहायचे होते ते मोस्तार शहर तिच्यावर येत नाही. यांखेरीज काही लहान नाके फक्त स्थानिक रहिवाशांच्या वापरासाठी आहेत. मोबाइलवरचा नकाशा जवळची वाट म्हणून तिकडे नेऊ शकतो. भारतीय पासपोर्टवर तेथून जाता येत नाही.

व्हिसाविषयी थोडक्यात सांगतो. बोस्निया-हर्झगोव्हिना हा देश युरोपीय संघात नाही आणि शेंगेनमध्येही नाही. भारतीयांना तिथे व्हिसा लागतो, परंतु वैध मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा असेल तर थोड्या मुदतीच्या मुक्कामासाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. येथे ‘मल्टिपल’ हा शब्द निर्णायक आहे. असे नियम बदलत असतात, म्हणून आम्ही दिल्लीतील त्यांच्या दूतावासाकडून ई-मेलने उत्तर मागवून त्याची छापील प्रत पासपोर्टबरोबर ठेवली होती. प्रवासविमा काढतानाही हाच मुद्दा येतो : केवळ शेंगेन देशांपुरती असलेली पॉलिसी मेत्कोविचच्या फाटकापाशी संपते. आम्ही बोस्नियाचे नाव पॉलिसीत लिहून घेतले.

सोमवार, दुब्रोव्हनिक

तटाच्या आतील जुन्या शहरात मोटार जातच नाही, आणि तिथली बरीच घरे पायऱ्या-पायऱ्यांच्या गल्ल्यांत आहेत. त्यामुळे पुढे गाडीने जायचे असेल तर मुक्काम लापाद किंवा ग्रूझ भागात करावा, असे आम्ही आधीच ठरवले होते. सकाळी पिले दरवाजातून आत शिरलो. दरवाजाजवळच्या भिंतीवर एक नकाशा लावलेला आहे. १९९१-९२ च्या वेढ्यात शहरातील कोणकोणत्या छपरांवर तोफगोळे पडले, कोणती घरे जळाली, हे त्यावर खुणांनी दाखवलेले आहे. आजूबाजूला सेल्फी काढणाऱ्यांची गर्दी होती, पण बाबा त्या नकाशासमोर बराच वेळ उभे होते. पुढचे सगळे दिवस ज्या मुलखातून जायचे होते त्याची ती प्रस्तावनाच होती, असे मला आता वाटते.

दुपारी तटावरून फेरी मारली. (तट सुमारे १,९४० मीटर लांबीचा आहे आणि चढउतार बराच आहे, आई खालीच स्त्रादून या मुख्य रस्त्यावर बसली.) संध्याकाळी कंपनीकडून चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक आणि छायाचित्र व्हॉट्सॲपवर आले. हॉटेलच्या दारासमोर उभे राहण्यास जागा नसल्याने कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी गाडी येईल, असेही त्यात होते. असा निरोप आदल्या संध्याकाळपर्यंत आला नाही, तर स्वतः फोन करून विचारावे.

मंगळवार, दुब्रोव्हनिक ते मोस्तार

गाडी आठाच्या ठोक्याला आली. चालक पन्नाशीचे, मूळचे मेत्कोविचचे, म्हणजे सीमेवरच्याच गावचे होते. त्यांनी बॅगा ठेवण्याआधी आईला पुढच्या आसनावर बसवले, आसन मागे सरकवून पाय लांब करता येतात ना ते पाहिले, आणि मग सगळ्यांचे पासपोर्ट मागितले. स्वतःकडे ठेवण्यासाठी नव्हे; व्हिसाचे पान उघडून तारखा आणि प्रवेशांची संख्या पाहिली आणि परत दिले. सीमेवर जाऊन अडकण्यापेक्षा इथेच पाहिलेले बरे, असे ते म्हणाले.

रस्ता सुरुवातीपासून समुद्राच्या कडेने जातो. डाव्या हाताला बेटे आणि उजव्या हाताला उघडे, करड्या रंगाचे चुनखडकाचे डोंगर. पहिला थांबा स्तोनला घेतला. दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाने १३३३ साली पेल्येशात्स द्वीपकल्प मिळवले, ते मुख्यतः इथल्या मिठागरांसाठी, आणि मिठाच्या रक्षणासाठी डोंगरावरून एक तट बांधला. त्यापैकी सुमारे साडेपाच किलोमीटर अजून उभा आहे. मिठागरे आजही चालू आहेत. कोकणात किंवा मुंबईच्या आसपास मिठागरे पाहिलेल्या माणसाला वाफ्यांची ती मांडणी लगेच ओळखू येते.

स्तोनच्या पुढे पेल्येशात्स पूल आहे. बाबा सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालेले अभियंते, त्यामुळे या पुलाची त्यांना महाराष्ट्रातून निघाल्यापासून उत्सुकता होती. २६ जुलै २०२२ रोजी तो वाहतुकीसाठी उघडला. लांबी २,४०४ मीटर. एका चिनी कंपनीने बांधला आणि खर्चातला मोठा वाटा युरोपीय संघाने उचलला. सहा मनोरे, त्यांतून दोन्ही बाजूंना गेलेल्या तारा, आणि मधले गाळे २८५ मीटरचे. नेउमला मोठी जहाजे जाता यावीत म्हणून बोस्नियाने आक्षेप घेतला होता, आणि त्यावरच्या वाटाघाटींनंतर पुलाखाली ५५ मीटरची मोकळी उंची ठेवण्यात आली. पूल ओलांडल्यावर चालकांनी आपण होऊन गाडी वळवून पूल दिसेल अशा जागी उभी केली. बाबांनी तिथे उतरून मनोऱ्यांच्या पायांकडे, वाऱ्याच्या दिशेकडे आणि खालच्या पाण्याकडे बोट दाखवत मला इतके काही समजावले की नियोजित दहा मिनिटांची वीस झाली. एरवी पुलावर टोल नाही, नाका नाही. नेउमच्या रस्त्याने दोनदा पासपोर्ट काढावे लागले असते, ते इथे एकदाही काढावे लागले नाहीत. ‘अरे, म्हणजे हा सगळा पूल पासपोर्ट न दाखवता पलीकडे जाता यावे म्हणून बांधला?’ आईने विचारले. बाबा म्हणाले, ‘देशाचे दोन तुकडे जोडले गं त्यांनी.’ दोघांचेही बरोबर होते.

पुलापलीकडच्या कोमार्नापासून पुढे नेरेत्वा नदीचा त्रिभुज प्रदेश लागतो. उघड्या डोंगरांनंतर अचानक हिरवेगार, कालव्यांनी कापलेले सपाट रान; ओपुझेनच्या आसपास मैलोगणती संत्र्यांसारख्या छोट्या मँडरिनच्या बागा. फळे अजून हिरवी होती. आमचे चालक शेतीबद्दल भरभरून बोलले, आणि मेत्कोविच जवळ आले तसे त्यांनी फोन करून नाक्यावरच्या रांगेची चौकशी केली. इथे रांग फार असेल तर ते जवळच्याच नोव्हा सेला-बियाचा नाक्याकडे वळतात. स्थानिक चालक असण्याचा खरा उपयोग या फोनमध्ये आहे.

त्या दिवशी रांग बेताची होती. पहिली खिडकी क्रोएशियाची. अधिकाऱ्यांनी प्रत्येकाला खिडकीतून चेहरा दाखवायला सांगितले, व्हिसाचे पान यंत्राखाली धरले आणि निर्गमनाचा शिक्का मारला. हा शिक्का नीट पाहण्यासारखा होता : कोपऱ्यात ताऱ्यांच्या वर्तुळात देशाची आद्याक्षरे, चौकटीतून बाहेर जाणारा बाण, आणि आपण रस्त्याने गेलो हे सांगणारे मोटारीचे इवलेसे चित्र. विमानतळावर तिथे विमान असे. आमचा प्रवास झाल्यावर, १२ ऑक्टोबर २०२५ पासून, शेंगेनच्या बाह्य सीमांवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. आता जाणाऱ्यांनी त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा आणि गाडी ठरवताना प्रतीक्षेच्या अटी अधिकच काळजीपूर्वक वाचाव्यात.

थोडे पुढे दोल्यानी हा बोस्नियाचा नाका. इथल्या अधिकाऱ्यांनी कुठे मुक्काम, परतीचे तिकीट कुठून, एवढेच विचारले. मोस्तार आणि सारायेव्होच्या हॉटेलांची आरक्षणे व सारायेव्होहून इस्तंबूलमार्गे मुंबईचे तिकीट मी छापून आणले होते. मोबाइलवर दाखवता आले असते, पण नेमक्या याच ठिकाणी नेटवर्क एका देशातून दुसऱ्या देशात जात असते, तेव्हा कागद बरा. चालकांनी गाडीची नोंदणी आणि ग्रीन कार्ड दाखवले. प्रवेशाचा शिक्का उमटला आणि फाटक वर गेले. क्रोएशियात घेतलेले सिम इथे युरोपीय संघाच्या दराने चालत नाही. मोबाइल डेटा आधीच बंद करून ठेवावा; नाहीतर बिल मोठे येऊ शकते.

सीमेपासून अर्ध्या तासाच्या आत पोचितेल आले. नेरेत्वाच्या काठी, डोंगराच्या उतारावर रचलेले हे दगडी गाव रस्त्याला लागूनच आहे. वर किल्ला, मध्ये हाजी अलिया मशीद. ती १५६३ ची, १९९३ साली युद्धात उद्ध्वस्त झालेली आणि नंतर पुन्हा बांधलेली. पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, म्हणून आई खाली थांबली. आम्ही परतलो तेव्हा ती फळे विकणाऱ्या एका बाईंच्या शेजारी, त्यांच्याच स्टुलावर बसली होती. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. त्या बाईंनी कागदाच्या पुडीत सुके अंजीर भरून दिले आणि एक डाळिंब हाताने फोडून आईसमोर धरले. आमचे आजोळ सांगोल्याचे, घरचीच डाळिंबाची बाग. आईने दोन दाणे तोंडात टाकले, मान डोलावली, आणि बोटांनी झाडाची छाटणी कशी करतात ते विचारले. त्या बाईंनाही ते कळले आणि त्यांनी कात्रीची खूण करून, एक हात जमिनीलगत धरून उत्तर दिले. पैसे युरोत दिले, सुटे बोस्नियाच्या कॉन्व्हर्टिबल मार्कमध्ये परत मिळाले. एका युरोला १.९५५८३ मार्क हा दर कायम बांधलेला असल्याने हिशेबात फसण्यासारखे काही नसते.

दुपारी मोस्तारला पोचलो. जुन्या भागात गाडी जात नाही. चालकांनी जवळात जवळच्या जागी उतरवून बॅगा हॉटेलपर्यंत स्वतः ओढत नेल्या. ठरलेली उरलेली रक्कम रोख युरोत दिली, पावती मिळाली. थांबे वाढले होते तरी त्यांनी जास्त काही मागितले नाही. आम्ही आपण होऊन वर थोडे दिले.

बुधवार, मोस्तार

हा दिवस मी मुद्दाम मधे ठेवला होता. सारायेव्होला एका दिवसात सहज जाता येते, आणि बहुतेक कंपन्या मोस्तारला दोन तासांचा थांबा देऊन तसेच नेतात. पण मोस्तार दोन तासांत पाहणे म्हणजे पुलावर छायाचित्र काढून परतणे. वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी तरी ते करू नये.

जुना पूल सुलतान सुलेमानच्या काळात, १५५७ ते १५६६ या वर्षांत, वास्तुकार मिमार हायरुद्दीन यांनी बांधला. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांच्या माऱ्याने तो नेरेत्वात कोसळला. तेनेलिया नावाच्या त्याच स्थानिक दगडातून, जुन्या पद्धतीने तो पुन्हा उभारून २३ जुलै २००४ रोजी खुला झाला, आणि पुढच्या वर्षी जागतिक वारशाच्या यादीत आला. वर चढताना पाय घसरू नये म्हणून आडव्या दगडी पट्ट्या बसवलेल्या आहेत, पण दगड पावलांनी इतका गुळगुळीत झाला आहे की त्यांवरही जपूनच चालावे लागते. बाबा आईचा हात धरून एकेक पट्टी मोजत चढले. कमानीच्या माथ्यावर उभे राहून ते म्हणाले, ‘नवीन आहे, पण बांधणाऱ्यांनी मन लावून बांधलाय.’ अभियंत्याकडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

दुपारी टॅक्सीने ब्लागायला गेलो. उंच कड्याच्या पोटातून बुना नदी एकदम भरल्या पात्राने बाहेर पडते आणि त्या मुखाशी दर्वेशांचा जुना मठ आहे. शाकाहारी मंडळींसाठी एक सांगणे : बोस्नियात ‘बुरेक’ मागितले तर मांसाचेच मिळते, बटाट्याचे हवे असेल तर ‘क्रोम्पिरुशा’, पालक-चीजचे हवे असेल तर ‘झेल्यानित्सा’ मागावे. आमची दोन्ही वेळची सोय त्यावर उत्तम झाली.

गुरुवार, मोस्तार ते सारायेव्हो

आजची गाडी मोस्तारच्या कंपनीची, चालक एक तरुण. सीमा ओलांडण्याचा टप्पा एका गाडीने आणि देशांतर्गत टप्पा दुसऱ्या गाडीने, अशी विभागणी आम्ही जाणूनबुजून केली. क्रोएशियाची गाडी दोन दिवस थांबवून ठेवण्याचे पैसे त्यामुळे वाचले. मोस्तारहून सारायेव्होला रेल्वेमार्गही आहे आणि तो नेरेत्वाच्या दरीतून जाणारा, अतिशय देखणा आहे. सामान कमी असणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

रस्ता मात्र नदीचा हात सोडत नाही. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, खाली हिरवट पाणी. याब्लानित्साच्या अलीकडे चालक बोलायचे थांबले आणि त्यांनी गाडीचा वेग कमी केला. ४ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अतिवृष्टीत इथल्या डोन्या याब्लानित्सा गावावर वरच्या दगडखाणीतून दगडमातीचा लोंढा आला आणि घरेच्या घरे गाडली गेली. रस्ता आणि लोहमार्गही त्यात सापडले. जवळजवळ वर्ष होत आले होते, तरी डोंगराच्या अंगावरचा पांढरा ओरखडा स्पष्ट दिसत होता. माळीण आणि तळिये ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या दृश्याविषयी अधिक काही सांगायला नको. आईने हात जोडले.

कोन्यित्सला चहाऐवजी बोस्नियन कॉफी घेतली. तांब्याच्या छोट्या भांड्यात ती येते, शेजारी साखरेचा खडा. तिथला सहा कमानींचा तुर्की पूल १६८२ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला आणि २००९ मध्ये तो जुन्या रूपात पुन्हा पूर्ण झाला. गावाजवळ डोंगरात युगोस्लाव्हियाचे नेते मार्शल टिटो यांच्यासाठी १९५३ ते १९७९ या काळात गुप्तपणे खोदलेला अणुहल्ल्यापासून बचावाचा तळ आहे. तो पाहायचा असेल तर ठरलेल्या वेळीच मार्गदर्शकाबरोबर जावे लागते, म्हणून गाडी ठरवतानाच तो थांबा लिहून घ्यावा. आम्ही तो घेतला नव्हता.

कोन्यित्सनंतर इवान खिंडीचा चढ लागतो. ही पाणलोटाची रेषा आहे : इकडचे पाणी एड्रियाटिकला जाते, तिकडचे काळ्या समुद्राला. खिंडीपलीकडे हवा थंड झाली, घरांची छपरे उतरती झाली आणि तार्चिनपासून रुंद महामार्ग सुरू झाला. दुपारी दोनच्या सुमारास आम्ही सारायेव्होत, बाश्चार्शिया या जुन्या बाजारपेठेच्या कडेला उतरलो. हॉटेलवाल्यांनी पासपोर्ट घेऊन परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडची नोंद करून दिली. खासगी घरात उतरणाऱ्यांनी ही नोंद घरमालक करतो आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

शुक्रवार आणि शनिवार, सारायेव्हो

शुक्रवारी लातिन पुलाजवळचा तो कोपरा पाहिला, जिथे २८ जून १९१४ रोजी झाडलेल्या गोळ्यांनी पहिल्या महायुद्धाला निमित्त दिले; आणि मिल्यात्स्का नदीच्या काठची व्हियेच्नित्सा ही जुन्या नगरसभेची इमारत, जिच्यातले ग्रंथालय ऑगस्ट १९९२ मध्ये तोफांच्या आगीत जळाले आणि जी २०१४ मध्ये पुन्हा उघडली. सारायेव्होवर स्वतंत्र लिहावे लागेल.

शनिवारी विमान दुपारचे होते. विमानतळावर सोडण्यासाठी गाडी सांगतानाच बुत्मिरच्या बोगद्यापाशी दीड तासाचा थांबा ठरवून घेतला. सारायेव्होला पडलेल्या वेढ्याच्या काळात, १९९३ साली, शहरवासीयांनी धावपट्टीखालून सुमारे ८०० मीटरचा हा बोगदा हातांनी खणला आणि त्यातून धान्य, औषधे, माणसे ये-जा करत राहिली. आज त्याचा थोडा भाग जपलेला आहे. तो विमानतळाला लागूनच असल्याने सामान गाडीत ठेवून तो पाहणे सर्वांत सोयीचे. छत इतके ठेंगणे आहे की बाबांना वाकून चालावे लागले, पण ते शेवटपर्यंत गेले.

विमानतळावर अधिकाऱ्यांनी पाने उलटून दोल्यानीचा प्रवेशाचा शिक्का शोधला, शेजारी निर्गमनाचा मारला आणि पासपोर्ट परत दिले. उलट दिशेने, म्हणजे सारायेव्होहून दुब्रोव्हनिकला जाणाऱ्यांसाठी एक सूचना राहिली : त्या बाजूने शेंगेनमध्ये प्रवेश करायचा असल्याने क्रोएशियाच्या खिडकीपाशी तपासणी अधिक बारकाईने होते आणि उन्हाळ्यात रांग लांबते. पुढे विमान किंवा बोट गाठायची असेल, तर गाडी सकाळी लवकरची सांगावी आणि मेत्कोविचला रांग असल्यास कोणत्या नाक्याने जाणार, हे चालकाला आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.